सहा मैलांवरचा बर्फ

माझ्या लहानपणी आमच्या घरात बर्फाविषयी जितकं बोललं गेलं, तितकं रत्नागिरीतल्या दुसऱ्या कुठल्या घरात बोललं गेलं असेल असं मला वाटत नाही. गंमत अशी की भाऊकाका सोडले तर आमच्यातल्या एकाही माणसानं बर्फ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. काकांनी मुंबईला कॉलेजात असताना तो पाहिला होता, हातात धरला होता आणि सरबतात घालून खाल्लाही होता. ही शेवटची गोष्ट त्यांनी माझ्या आईला कधी सांगितली नाही. तो कुठल्या पाण्याचा आणि कुणाच्या हातचा, असं तिनं विचारलं असतं आणि मग महिनाभर काकांना तिच्यासमोर ताठ मानेनं जेवता आलं नसतं. मला मात्र सांगितली, कारण मी दहा-अकरा वर्षांची होते आणि माझ्या मताला घरात कवडीची किंमत नव्हती.

आमचं घर मांडवीच्या रस्त्यावर. पुढे दादांचं दुकान आणि मागे आम्ही. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, नावाड्यांना लागणारं सामान विकत: काथ्याचे दोर, सुंभ, डांबर, राळ, शिडाचं कापड, कंदिलाच्या काचा. त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूला डांबराचा वास असे. पाहुण्यांना तो पेजेतसुद्धा येई. आम्हाला येत नसे. पहाटे पहिला आवाज आईच्या विळीचा, नारळ खवल्याचा. मग मागीलदारी रहाटाची कुरकुर, मग दुकानाच्या फळ्या एकीवर एक टाकल्याचा दणका, आणि या सगळ्याच्या खाली, कुणी लक्ष देत नसलं तरी चालूच असलेला समुद्र. सकाळी पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात आणि माशांचं तिखलं, संध्याकाळी कुळथाचं पिठलं. यात बदल झाला की घरात कुणीतरी आजारी आहे किंवा कुणीतरी मुंबईहून आलं आहे असं समजावं. दादा दुकानात मालक होते, पण उंबरठा ओलांडून आत आले की गिऱ्हाईक होत, तेही मिळेल ते मुकाट्यानं घेऊन जाणारं. घर आईचं होतं. तिनं एकदा एखादी गोष्ट ठरवली की ती बदलायला ती स्वतःच लागे.

भाऊकाका म्हणजे दादांचे धाकटे भाऊ श्रीधर. हायस्कुलात शास्त्र शिकवत. शाळेतून आले की अंगणात सुंभाची बाज टाकून उताणे पडत आणि आभाळाकडे बघत. रस्त्यानं जाणारे विचारत, "मास्तर, वरती काय सांडलंय?" काका म्हणत, "बर्फ." विचारणारा हसत हसत पुढे जाई आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचलेली असे. काकांचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. इंदूकाकू पूर्णगडची, सतरा-अठरा वर्षांची, समुद्राला न भिणारी आणि हसताना तोंडाला पदर लावणारी. त्या काळी थोरांच्या देखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून काकू आपले प्रश्न माझ्यामार्फत पाठवी. काका समोर, काकू दाराआड, आणि मध्ये मी. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत असे, तरी मी प्रश्न पुन्हा म्हणून दाखवायचा आणि उत्तर पुन्हा पोचवायचं. मला ते काम फार प्रतिष्ठेचं वाटे.

पौषातल्या एका सकाळी आईनं खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायला माझ्या हाती दिली. आमच्याकडे थंडी ती काय पडणार, पण खोबरेल थिजून पांढरं होण्याइतकी पडते. काकांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि मला खिडकीशी नेलं. तिथे त्यांनी दुसरी लहान बाटली रात्रभर न हलवता ठेवली होती. तिच्यातलं तेल अजून पातळ होतं, पाण्यासारखं नितळ.

"हेही तितकंच गार आहे," काका म्हणाले. "मग हे का थिजलं नाही?"

मला काय ठाऊक.

"कारण सुरुवात कुणी करायची ते ठरत नाही." त्यांनी थिजलेल्या तेलाचा एक कण काडीच्या टोकावर घेतला आणि त्या नितळ तेलात बुडवला. त्या कणाभोवती पांढरं जमायला लागलं, आणि आम्ही बघत असताना हळूहळू ते सगळ्या बाटलीभर पसरलं. मग ते मला अंगणात घेऊन आले आणि म्हणाले, "आता वर बघ."

आभाळ निळं होतं आणि फार उंचावर पांढरे तंतू होते, दादांच्या दुकानात काथ्या विस्कटून पडलेला असे तसे. काका सांगू लागले. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती दिसत नाही. तापलेल्या हवेबरोबर ती वर जाते. वर दाब कमी, म्हणून हवा पसरते, आणि पसरली की गार होते. चार मैल, पाच मैल, सहा मैल. तिथे इतकी थंडी असते की पाण्यानं गोठायलाच पाहिजे. पण पाण्याचे बारीक थेंब तिथेही हट्ट करतात आणि पातळच राहतात. मग कुठून तरी वाऱ्यानं उडालेला मातीचा एखादा कण येतो. त्याच्यावर बर्फाचा पहिला स्फटिक जमतो. तो एकदा झाला की आजूबाजूची वाफ त्याच्याचकडे ओढली जाते. शेजारचे थेंब सुकत जातात आणि बर्फाचा कण वाढत जातो. जड झाला की पडायला लागतो. वरचा आणि खालचा वारा सारख्या वेगानं वाहत नाही, म्हणून त्याच्या मागे वाकडी रेघ ओढली जाते. "तो जो तंतू दिसतोय ना, तो पडणारा बर्फ आहे."

दाराआडून काकू म्हणाली, "विचार गो त्यांना, पडतोय तर खाली का येत नाय?"

मी विचारलं. काका म्हणाले, "सांग तिला, वाटेतच सुकतो."

"मग आपल्या वाट्याला काय येतच नाय," काकू म्हणाली. हे मी पोचवायच्या आधीच काका हसले. आतून आईनं विचारलं, "तेल कुठे गेलं गो?"

आता हे सगळं शाळेच्या पुस्तकात रंगीत चित्रासकट असतं. माझ्या नातीनं मला मध्यंतरी ते वाचून दाखवलं, तेव्हा मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. काकांच्या सांगण्यात फारशी चूक नव्हती. ज्या माणसाला आभाळाकडे बघायला दोन डोळे आणि एक सुंभाची बाज एवढीच साधनं होती, त्यानं आणखी काय करायचं? आई मात्र या बर्फावर विश्वास ठेवत नसे. तिला ठाऊक होतं ते खळं. चंद्राभोवती किंवा सूर्याभोवती कडं पडलं की ती म्हणे, "खळं लांब, तर पाऊस जवळ." काका म्हणत, "वहिनी, ते खळं म्हणजेच माझा बर्फ. त्या स्फटिकांतून उजेड वाकतो आणि कडं दिसतं." आई म्हणे, "असेल," आणि आत जाई. तिच्या "असेल" पुढे शास्त्र थांबत असे.

वैशाखात काकू माहेरी पूर्णगडला जाऊन आली ती ताप घेऊनच आली. पहिले काही दिवस आईनं काढे दिले. ताप उतरेना, उलट रोज चढत गेला, तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विषमज्वर म्हणून सांगितलं. त्या वेळी या तापावर औषध असं नव्हतंच. माणूस धरून ठेवायचं आणि वाट बघायची. आजारी माणसाला सांभाळायची आमच्याकडची रीत ठरलेली होती. काकूला माजघराशेजारच्या खोलीत ठेवलं, खिडकीवर गोणपाट टांगलं, दाराशी धुरीचं खापर ठेवलं. वारा लागायचा नाही आणि गार पाण्याचा थेंब अंगाला लागायचा नाही. प्यायला सुंठ घालून उकळलेलं पाणी, तेही चमच्यानं. बाहेर वैशाख पेटलेला आणि आत ती खोली. मी दाराशी उभी राहिले तरी मला घाम फुटे. काकू "पाणी, पाणी" करी आणि आई चमचा पुढे करी. आई तिच्या उशाशी बसून असे, जेवायलासुद्धा उठायची नाही. प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. प्रेम होतं म्हणूनच गोणपाट इतकं घट्ट बांधलं होतं.

मग एक दिवस ताप इतका चढला की काकू मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, डोकं थंड ठेवायला पाहिजे, बर्फ मिळाला तर बघा. दवाखान्यातून रबराची पिशवी मिळाली, पण तिच्यात घालायला बर्फ रत्नागिरीत कुठून यायचा? दादांनी मुंबईच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला तार केली. उत्तर आलं की भुसा भरलेल्या पेटीतून पुढच्या बोटीनं पाठवतो. रिकामी पिशवी खुंटीला टांगून आम्ही बोटीची वाट बघू लागलो. मला एकच कळेना, म्हणून मी आईला विचारलं, गार पाणी चालत नाही तर बर्फ कसा चालतो?

"बर्फ म्हणजे औषध," आई म्हणाली. "औषधाला थंड-गरम नसतं. पाणी म्हणजे पाणी."

बोट परवा यायची होती. त्या सकाळी भाऊकाका बंदरावर जाऊन आले आणि दुकानात दादांसमोर उभे राहिले. नैऋत्येला, समुद्रावर, पांढरे तंतू आले होते. नेहमीसारखे इकडे-तिकडे पडलेले नव्हते, एका जागेहून सुटून आभाळभर पसरत चालले होते. काकांचं म्हणणं असं की दूर समुद्रात वादळ उठलेलं आहे. वादळ खालची दमट हवा वर फेकतं, ती तिथे गोठते आणि तिचा बर्फ चहूकडे पसरतो. वादळ यायच्या आधी तो बर्फ येतो.

"बोट बहुधा बंदराला लागायची नाही, दादा."

दादांनी दोराची गुंडाळी खाली ठेवली आणि रस्त्यावर येऊन वर पाहिलं. "आभाळ तर स्वच्छ आहे. बंदराच्या काठीवर वादळाची खूण पण चढली नाय."

"चढेल."

"बोट नाय आली तर काय करायचं?"

"तोवर थांबायचंच कशाला?" काका म्हणाले.

ते आत आले. दोन महिन्यांपूर्वी आमच्या भांड्यांना कल्हई लावून गेलेल्या माणसाकडून त्यांनी नवसागर आणला होता, पुडीत बांधून. नवसागर पाण्यात विरघळला की पाणी चांगलंच गार पडतं; ते पाणी पिशवीत भरावं आणि अंगाला विहिरीच्या पाण्याच्या ओल्या पट्ट्या लावाव्यात, असा त्यांचा बेत होता. आईनं पुडी उघडून पाहिली, हुंगली आणि परत बांधली.

"भांड्याचं औषध तिच्या डोक्यावर ठेवू?"

"डोक्यावर नाही ठेवायचं, वहिनी. पिशवीच्या आत."

"आणि विहिरीचं पाणी? एवढ्या तापात? उद्या तिला वात झाला तर मी पूर्णगडला काय सांगू? डॉक्टरांनी बर्फ सांगितलंनी. बर्फ येतोय."

"बर्फ येणार नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलंन?"

काकांनी वर बोट केलं. वर कौलं होती. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून काका बाहेर गेले. ते बायकोच्या खोलीच्या दाराशी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत जाऊन तिच्याजवळ बसायची रीत नव्हती. आतून काकू काहीतरी बडबडत होती, मचव्यांची नावं घेत होती. काका तिथे उभेच राहिले. मी त्यांच्या शेजारी होते. मला वाटलं ते मला काहीतरी पोचवायला सांगतील, पण त्यांनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात कावळे हाकत होते. आंब्याचा शेवटचा रस ताटांत पसरून वाळत घातला होता. आंबापोळ्यांना अजून दोन दिवसांचं ऊन हवं होतं. आभाळ पांढुरकं झालं होतं, पण ढग म्हणावा असा एकही नव्हता. माझी सावली पडत होती, फक्त तिची कड मऊ झाली होती. आई पाण्याला म्हणून बाहेर आली, तिनं कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि कळशी विहिरीशीच ठेवून दिली. सूर्याभोवती मोठं थोरलं खळं पडलं होतं. तिनं लगेच पदर खोचला आणि आंबापोळ्यांची ताटं उचलायला सुरुवात केली. मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? सरपण आत टाक." भाऊकाका पडवीच्या पायरीवर बसले होते. शाळेला सुट्टी होती, आणि कालपासून ते तिथेच बसून होते.

"वहिनी, पोळ्या कशाला उचलता? आभाळ तर स्वच्छ आहे."

"खळं दिसत नाय काय? उद्या-परवा बिघडणार."

"खात्री आहे?"

"खात्री कसली त्यात? एवढं लांब खळं पडलंय."

"मग उद्या बोट बंदराला लागेल?"

आई थांबली. तिच्या दोन्ही हातांत ताट होतं. काका पायरीवरून उठले नाहीत, त्यांनी आवाजही चढवला नाही. ते म्हणाले, "पोळ्या तुम्ही त्या खळ्याच्या भरवशावर उचलता आहात. तिला मात्र बोटीच्या भरवशावर ठेवलीत."

मी सरपणाची मोळी धरून उभी होते. आईला असं कुणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तिनं पुन्हा एकदा वर पाहिलं. मग ताट पायरीवर ठेवलं, तिथेच, कावळ्यांच्या तोंडी, आणि आत गेली. थोड्या वेळानं खिडकीवरचं गोणपाट फाटल्याचा आवाज आला. गाठ इतकी घट्ट बसली होती की सुटली नाही. खिडकीत तिचा चेहरा दिसला.

"भावोजी, पाणी काढा."

ती दुपार मला नीट आठवते. काका रहाटावर, मी कळशी घेऊन ये-जा करत, आणि आई जुन्या लुगड्याच्या पट्ट्या भिजवून पिळून काकूच्या कपाळावर, हातांवर, पायांवर ठेवते आहे. पट्ट्या घातल्या घातल्या कोमट होत. काकांनी दारातून सांगितलं की नुसतं पाणी ठेवू नका, वारा घाला. पाणी सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातं. मग आईनं सूप घेतलं आणि त्यानं वारा घालू लागली. नवसागराला तिनं शेवटपर्यंत हात लावला नाही. पण तांब्यातलं गार पाणी तिनं काकूच्या तोंडाला लावलं, चमच्यानं नाही, तांब्यानंच. काकू घटाघटा प्यायली. थोडं पाणी उशीवर सांडलं. सूप हलवताना ती मधूनच थांबून काकूच्या तोंडाकडे बघे, काहीतरी वाईट घडायची वाट बघत असल्यासारखी. संध्याकाळी ताप थोडा खाली आला. परत चढला, परत पट्ट्या. तो काही दिवस असाच खालीवर होत राहिला, पण ज्या उंचीवर तो गेला होता तिथे परत गेला नाही. काकूनं मला ओळखलं आणि "केस विंचर गो तुझे" म्हणाली. डॉक्टर आले, त्यांनी उघडी खिडकी आणि पट्ट्या पाहिल्या आणि म्हणाले, "छान. पाण्याच्या पट्ट्याही चालतील असं मी म्हटलंच होतं." म्हटलं असेलही. आमच्या घरात ते कुणाला ऐकू आलं नव्हतं.

बोट आली त्या दिवशी समुद्र फुगला होता. बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं, सामान पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, किनाऱ्याला यायचं, अशी तेव्हाची पद्धत. त्या दिवशी एकाही तांडेलानं पडाव लोटला नाही. बोटीनं भोंगा दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि ती दक्षिणेकडे निघून गेली. बंदरावर खूण चढली होती. दादा धक्क्यावर उभे होते. भिजलेल्या पायांनी घरी आले आणि म्हणाले, "आपला बर्फ गोव्याला गेला." काकांनी मान हलवली. आपलं खरं झालं याचं त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही, आणि त्या घरात कुणी तसं म्हणालंही नाही.

काकू वाचली. तिचे केस गेले आणि पुन्हा आले. कान मात्र गेले ते गेलेच. आधी आम्हाला वाटलं अशक्तपणामुळे लक्ष देत नसेल, मग एकदा तिच्या मागे पितळी परात पडली आणि तिनं वळून पाहिलं नाही. आजूबाजूच्या बायका समाचाराला येत आणि हलक्या आवाजात आईला सांगत, "पाणी कानात शिरलं असणार. तापात कुणी भिजवतं काय?" आवाज हलका करायची खरं तर काही गरज नव्हती. आई ऐकून घेई आणि त्यांना गूळ-पाणी देई. घरातली एक रीत तेवढी बदलली. काकूला काही सांगायचं तर तिच्यासमोर उभं राहून, तोंडाकडे बघत, हातवारे करत सांगावं लागे, आणि त्याला मध्यस्थ चालत नाही. काका सर्वांच्या देखत तिच्याशी बोलू लागले. कुणी काही म्हणालं नाही. माझं काम गेलं.

पावसाळ्यात, बोटी बंद झाल्यावर, एका दुपारी आम्ही पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होतो. आई, मी, आणि हातभर अंतरावर काकू. भाऊकाका शाळेतून आले, छत्री कोपऱ्यात उभी केली आणि खांबाला टेकून बसले. आईनं मान वर न करता, नेहमीच्या आवाजात विचारलं.

"भावोजी, एक विचारते. खरं सांगा. हिचे कान पाण्यानं गेले काय?"

काका सरळ झाले. मग त्यांनी वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. तापाचं विष रक्तात असतं, ते कानाच्या आतल्या शिरेला धरतं. बाहेरचं पाणी तिथवर पोचतच नाही, मध्ये पडदा असतो. पाणी न लावलेल्या कितीतरी माणसांचे कान या तापानं जातात. "पाण्याचा काही संबंध नाही, वहिनी. बहुधा पाण्यामुळेच ती वाचली."

आई आठळी सोलत राहिली. काकू आम्हा सर्वांकडे बघून हसली आणि पुन्हा खाली बघू लागली.

"मग सदूला दिलं असतं तर?"

हे नाव मी आईच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. सदू माझा थोरला भाऊ. मी जन्मायच्या आधी, चार वर्षांचा होऊन, तापानं गेलेला. आत्यानं मला एकदा सांगितलं होतं, आणि आईजवळ बोलू नको असंही सांगितलं होतं.

"तो पण पाणी पाणी करत होता," आई म्हणाली. "तांब्या उशाशीच होता. सासूबाईंनी सांगितलंनी, देऊ नको. मी नाय दिलं. तीन दिवस मागत होता, मग मागायचा थांबला. ओठ भिजवायला पण नाय दिलं मी."

पागोळ्यांचा आवाज येत होता. काकांनी आपल्या ओल्या धोतराचा काठ पिळला, मग सोडून दिला.

"सदूचा ताप वेगळा होता, वहिनी."

"वेगळा?"

"वेगळा होता. पाणी दिलं असतं तरी तेच झालं असतं."

"नक्की?"

"नक्की."

सदू गेला तेव्हा भाऊकाका मुंबईला कॉलेजात होते. भर पावसाळ्यात बोटी बंद असताना तो गेला, आणि काका घरी आले ते गणपतीनंतर. त्यांनी तो ताप पाहिला नव्हता. हे मला पुढे फार वर्षांनी दादांकडून कळलं. आईला ते त्या दुपारीही ठाऊक होतं. तिनं काकांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि पुढची आठळी हातात घेतली.